दोन घड्याळांचे मास्तर

मास्तरांच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं असायची. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं, माणूस विसराळू असेल. सकाळी एक बांधलं आणि विसरून दुसरंही बांधलं. मग वाटायचं, हौशी असेल. पण घड्याळं जवळून पाहिली की तोही संशय फिटायचा. दोन्ही शहागंजातल्या एका दुरुस्तीवाल्याकडून घेतलेली होती. कुणीतरी दुरुस्तीला टाकली आणि परत न्यायला आलंच नाही, अशा जातीची. डाव्या हातावरचं बरोबर चालायचं. उजव्या हातावरचं मास्तर रोज सकाळी कंपनीच्या गेटवर उभे राहून हजेरीच्या पंचिंग मशीनशी जुळवायचे, म्हणजे मुद्दाम चुकीचं लावायचे.

"ही माझी वेळ," डावा हात वर करून ते सांगायचे, "आन ही कंपनीची. दोन्हीच्या मधात जे सांडतंय, तेवढाच माझा विषय."

विषय म्हणजे पगार आणि ओव्हरटाइमचे कायदे. ते सुपरवायझर लोकांना शिकवायला त्यांना आमच्या कंपनीनं वर्षभराच्या करारावर आणलं होतं. वाळूजला आमचा कारखाना. गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग करायचे, परदेशी गिऱ्हाइकाला पाठवायचे. त्या गिऱ्हाइकाला अचानक आमच्या कामगारांची काळजी वाटू लागली आणि त्यानं एक लांबलचक यादी पाठवली. त्यात एक प्रश्न होता : सुपरवायझरांना कामाचे तास आणि ओव्हरटाइमच्या कायद्याचं प्रशिक्षण दिलेलं आहे काय? पुढं 'होय' आणि 'नाही' अशा दोन चौकटी होत्या. आमच्या प्लांट हेडना 'होय'च्या चौकटीत बरोबरची खूण करायची होती. त्यासाठी सगळ्यात स्वस्त माणूस मिळाला तो मास्तर.

तीस वर्षं दुसऱ्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात, म्हणजे कामगारांच्या हजेरीच्या खात्यात काढून ते निवृत्त झाले होते. गाव पाचोडकडचं, शेती भावाकडं, स्वतः उस्मानपुऱ्यात दोन खोल्यांत. अंगात राखाडी सफारी, खिशात लाल पेन आणि निळं पेन. शाळेत कधीच शिकवलं नव्हतं, पण पहिल्याच आठवड्यात सगळा कारखाना त्यांना मास्तर म्हणू लागला. माझ्यावर पत्रा दाबणाऱ्या यंत्रांच्या, म्हणजे प्रेस शॉपमधल्या बेचाळीस माणसांची जबाबदारी होती. नवा होतो, डिप्लोमा झालेला, आणि आपल्याला जग कळलंय असं वाटण्याच्या वयातला.

प्रशिक्षणाचं उद्घाटन मला अजून आठवतं. आमच्या प्लांट हेडना उद्घाटनं फार प्रिय. कंपनीची स्वतःची समई होती. स्टोअरमध्ये तिला मालमत्ता क्रमांक होता आणि दर वर्षी तिचा घसारा धरला जायचा. वर्ग अडीच ते साडेतीन असा एक तासाचा. त्यातली पहिली दहा मिनिटं समई पेटण्यात गेली, कारण पंखा बंद करायचं कुणाला सुचलं नाही. मग स्वागत, मग प्रास्ताविक, मग प्लांट हेडचं भाषण. 'कामगार हा आमच्या कुटुंबाचा घटक आहे' हे त्यांचं आवडतं वाक्य. ज्या भाषणात ते येतं, त्या महिन्यात बोनस कमी असतो, असा कामगारांचा अनुभव होता.

मास्तरांना पुष्पगुच्छ दिला. त्यांनी तो उलटासुलटा पाहिला.

"कुणी आणला?"

"ड्रायव्हरनं," एचआरच्या मॅडम म्हणाल्या.

"कधी?"

"आत्ता, दीडला गेला होता."

"दीडला त्याची जेवायची सुट्टी आसती," मास्तर म्हणाले. "जेवला का तो?"

मॅडम बावरून खिडकीबाहेर पाहू लागल्या. ड्रायव्हर तिथं गाडीला टेकून बिस्किटं खात होता.

भाषणं संपली तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. मास्तरांनी फळा पुसला, ओव्हरटाइम म्हणजे काय ते उदाहरणासह सांगायला घेतलं. आवाज चढला, आम्हीसुद्धा जरा पुढं सरकून ऐकू लागलो. "आठवड्याला अठ्ठेचाळीस तास झाले, की त्याच्यापुढच्या प्रत्येक मिनिटाचा दर हा साध्या दराच्या..." इथवर आले, डाव्या मनगटाकडे पाहिलं, खडू ठेवला, पिशवी उचलली आणि निघून गेले. साडेतीन झाले होते.

पुढच्या मंगळवारी अडीचला ते आत आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "दुप्पट."

मास्तरांच्या वर्गात पुस्तक नव्हतं, पडद्यावर चित्रं नव्हती. नुसते प्रश्न असायचे, आणि ते अत्यंत बिनडोक वाटायचे.

"लाइट गेली. मशीन बंद. कामगार मशीनपाशी बसून ऱ्हायला. हे काम का आराम?"

"आराम," आम्ही एका सुरात.

"मग त्याला घरी जाऊ द्या."

"घरी कसा जाऊ देणार मास्तर? लाइट आली म्हंजे?"

"म्हंजे त्यानं कुणासाठी बसून ऱ्हायचं?"

"कंपनीसाठी," कुणीतरी पुटपुटलं.

"ज्याच्यासाठी बसला, त्याच्या हिसाबात धरा. लई अवघड नाय."

एकदा त्यांनी आम्हा बारा सुपरवायझरांना भिंतीशी उभं केलं आणि स्वतः खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचू लागले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. वेल्डिंगचा सुपरवायझर जाडजूड होता. तो एका पायावरून दुसऱ्या पायावर जाऊ लागला. शेवटी म्हणाला, "मास्तर, करायचं काय आहे ते तरी सांगा."

"काहीच नाय. नुस्तं उभं ऱ्हायचं."

"पाय दुखायलेत."

"व्हय का?" मास्तरांनी वर्तमानपत्र खाली केलं. "रोज सकाळी सातची ड्युटी आन पावणेसातला तुमी मीटिंगला माणसं उभी करता. तवा तुमीच म्हणता की, नुस्तं उभं तर ऱ्हायचंय."

पावणेसातची मीटिंग दुसऱ्या दिवसापासून सातला भरू लागली. कुणी आदेश काढला नव्हता. आमच्या पायांनीच तो काढला होता.

पंचिंग मशीनचा किस्सा कारखान्यात अजून सांगतात. मास्तर आम्हाला गेटवर घेऊन गेले, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा. सकाळी ते मशीन चार मिनिटं पुढं होतं, त्यामुळं वेळेत आलेला माणूस उशिरा आलेला ठरायचा. दुपारी तेच मशीन चार मिनिटं मागं होतं, त्यामुळं सुट्टी झाली तरी झालेली नसायची. एकच यंत्र दिवसाच्या दोन टोकांना दोन बाजूंनी कसं चुकतं, हे इंजिनिअरिंगच्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं. ते कोण लावतं हे कुणालाच माहीत नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं. मास्तरांनी कुणाचं नाव विचारलं नाही. फक्त दोन्ही मनगटं शेजारी धरून गेटवर उभे राहिले, आणि आत येणारा प्रत्येक कामगार आधी त्यांच्या हातांकडे, मग मशीनकडे पाहू लागला. तिसऱ्या दिवशी मशीन 'तांत्रिक दुरुस्ती'नंतर बरोबर चालू लागलं.

त्यानंतर दोन्ही घड्याळं एकच वेळ दाखवू लागली. मी विचारलं, "मास्तर, आता तरी उजवं काढा की."

"ऱ्हाऊ द्या. मशीन सुधारलं. माणसं बघू."

यातला 'माणसं' हा शब्द माझ्यासाठी होता, हे मला तेव्हा कळलं नाही.

झालं असं, की प्रशिक्षणामुळं ओव्हरटाइम लिहिला जाऊ लागला. पूर्वी तो नुसताच व्हायचा. आता प्रत्येक जादा अर्ध्या तासाची स्लिप निघायची, तिच्यावर सुपरवायझरची सही लागायची आणि दुप्पट दरानं पैसे लागायचे. महिनाअखेरीला प्लांट हेडनी तो आकडा पाहिला आणि आम्हाला बोलावलं.

"कायदा म्हणजे कायदा," ते म्हणाले. "आपण तो शंभर टक्के पाळणार. म्हणून उद्यापासून ओव्हरटाइम करायचाच नाही."

"पण सर, काम?"

"काम तेवढंच होईल. कल्पकता दाखवा."

माझी अडचण शनिवारची होती. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास शनिवारी दुपारी साडेतीनला पुरे व्हायचे आणि प्रेसची सफाई तेव्हाच करावी लागायची. तेल, पत्र्याचा कीस, खाचांतला गाळ; अर्ध्या तासाचं काम. लाइन आधी थांबवली तर उत्पादन कमी, नंतर सफाई केली तर ओव्हरटाइम. मी दोन दिवस विचार केला आणि कल्पकता दाखवली. मी श्रमदान सुरू केलं.

दर शनिवारी साडेतीनला सगळ्यांनी रीतसर पंच करून सुट्टी घ्यायची. मग स्वतःच्या मर्जीनं परत आत यायचं आणि अर्धा तास आपापलं यंत्र स्वच्छ करायचं. पंच झाल्यावर केलेलं काम हे काम नव्हेच, ती सेवा. मी एक जाड रजिस्टर आणलं. पट्टीनं रकाने आखले : नाव, यंत्र, वेळ, 'मी स्वेच्छेने आलो आहे' आणि सही. माझं अक्षर चांगलं आहे. इतकं नेटकं रजिस्टर कारखान्यात दुसरं नव्हतं. नंतर त्याचा फार उपयोग झाला. मी योजलेला मात्र नव्हे.

पहिल्या शनिवारी छायाताईंनी विचारलं. छायाताई तीन नंबरच्या प्रेसवर होत्या, लाइनवरच्या सगळ्यात जुन्या. "साहेब, इच्छा नसली तर चालतंय का?"

"चालतं की. फक्त कारण लिहून द्यायचं."

त्यांनी कारणाच्या जागी एकच शब्द लिहिला : 'नळ'. मी त्यापुढं लाल शाईनं 'वैयक्तिक' असा शेरा मारला आणि त्यांना थांबवून घेतलं.

दोनेक महिने असे गेले आणि प्लांट हेड बेहद्द खूश झाले. त्यांनी श्रमदानाचं उद्घाटन केलं. समई आली. हातात झाडू घेऊन त्यांनी फोटो काढून घेतला, तोही तीन वेळा, कारण पहिल्या दोनात झाडू उलटा होता. त्या फोटोचं हे एवढं पोस्टर गेटवर लागलं. खाली माझं नाव : 'संकल्पना'. शिफ्ट इनचार्जची एक जागा रिकामी होत होती आणि ती माझीच, असं त्यांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं. घरी मी बायकोला सांगून टाकलं. तिनं तिच्या आईला सांगितलं. मराठवाड्यात एवढं झालं की नेमणूक झाल्यासारखीच असते.

मास्तर पोस्टरसमोर बराच वेळ उभे राहिले. मी मागं जाऊन थांबलो. कौतुकाची अपेक्षा होती, खोटं कशाला बोलू.

"लई चांगलं," ते म्हणाले. "मी बी येतो शनिवारी."

आणि खरोखर आले. सफारीच्या बाह्या दुमडून, घरून आणलेलं धोतराचं फडकं घेऊन. एकामागून एक चार शनिवार. छायाताईंच्या शेजारी बसून तीन नंबरच्या प्रेसची घसरण पुसायचे, जिथून तयार भाग खाली येतो ती. दोघांचं हळू आवाजात काहीबाही बोलणं चालायचं. मला वाटलं, आपल्या मोहिमेला मास्तरांचा आशीर्वाद मिळाला.

काम झालं की ते मला हाक मारायचे. "साहेब, बघून घ्या. झालं का बराबर?"

दुसऱ्या शनिवारी मी वाकून पाहिलं. "मास्तर, त्या कोपऱ्यात राहिलंय."

"परत पुसू?"

"पुसा."

त्यांनी परत पुसलं. तिसऱ्या शनिवारी पावणेचारला म्हणाले, "आज जरा लवकर निघू का? पाहुणे यायचेत."

मी घड्याळ पाहिलं. "चारपर्यंत थांबा ना. तुम्हाला सोडलं तर सगळेच मागतील."

"व्हय, ते बी खरंच," ते म्हणाले आणि चारपर्यंत थांबले.

चौथ्या शनिवारनंतरच्या सोमवारी मास्तर माझ्या टेबलाशी आले. उभेच राहिले. समोर एक स्लिप ठेवली. ओव्हरटाइमची, नेहमीची पिवळी. नावाच्या रकान्यात त्यांचं स्वतःचं नाव. काम : प्रेस नंबर तीनची सफाई. वेळ : चार शनिवार, साडेतीन ते चार. शेऱ्याच्या जागी निळ्या शाईत बारीक अक्षरात लिहिलं होतं : दुसऱ्या वेळी सुपरवायझरने काम तपासून पुन्हा करायला लावले. तिसऱ्या वेळी लवकर जाण्याची परवानगी मागितली, मिळाली नाही. खाली एक रेघ आणि तिच्याखाली 'सुपरवायझरची सही'.

"दस्तखत," मास्तर म्हणाले.

"मास्तर, हे श्रमदान होतं."

"व्हय? देवळाच्या पेटीत कुणी धा रुपये टाकले, तर पुजारी त्याला थांबवून 'आजून पाच टाक' म्हणतो का? 'चार वाजेस्तोवर टाकत ऱ्हा' म्हणतो का?"

मी स्लिप पुन्हा वरपासून वाचू लागलो.

"तुमी तपासलं. परत करायला लावलं. जाऊ दिलं नाय. मला तर हे काम वाटलं बुवा. तुमाला नसंल वाटत तर सही करू नका."

"आणि नाही केली तर?"

"तर ही स्लिप मी फाडून टाकीन. तुमच्या समोर. कुणाला सांगणार नाय. माझा करार महिन्याखेरीला संपतोय. माझं काय जातंय?"

ते चेष्टा करत नव्हते. मास्तर धमकी देत नसत. त्यांना वेळ नसायचा. "उद्या साडेतीनपर्यंत," एवढं म्हणून ते गेले.

शिफ्ट इनचार्जची मुलाखत गुरुवारी होती. ज्या योजनेवर ती जागा मिळणार, तीच योजना बेकायदा होती, असं मी स्वतःच्या सहीनं लिहून द्यायचं होतं. मास्तर कामगार, तर बेचाळीसही कामगार. मास्तरांचा अर्धा तास ओव्हरटाइम, तर तीन महिन्यांचे सगळ्यांचे सगळे अर्धे तास ओव्हरटाइम. आणि नाही केली, तर काहीही होणार नव्हतं. हेच फार वाईट होतं. कुणी आरडाओरडा करणार असेल तर माणूस निदान त्याच्यावर चिडू तरी शकतो.

मंगळवारी सकाळी मी तीन नंबरवर गेलो. "ताई, श्रमदान आवडतं का हो तुम्हाला?"

छायाताईंनी हात थांबवला नाही. "मास्तरांनी विचारलं तवा खरं काय ते सांगितलं. तुमी विचारताय म्हनून आवडतं."

"खरं काय ते मलाही सांगा."

मग त्यांनी हात थांबवला. "साहेब, आमच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा येतो. शनिवारी साडेचारला. पाऊण तास. कंपनीची बस तीन चाळीसला सुटती, तिच्यात बसले तर मी नळाच्या आधी घरी. श्रमदानाला थांबले तर बस गेलेली आसती. शेअर रिक्षा, मग दुसरी रिक्षा, घरी जाईस्तोवर नळ गेला. मग आठ दिवस शेजारणीच्या दारात बादली घेऊन उभं ऱ्हायचं. ती देती. पण देताना रोज एक गोष्ट ऐकवती." त्या पुन्हा कामाला लागल्या. "मी लिहिलं होतं की रजिस्टरात."

लिहिलं होतं. मी त्याला वैयक्तिक म्हटलं होतं. या शहरात राहून मला नळ वैयक्तिक वाटला, कारण आमच्या घरी पाणी भरायला आई होती.

साडेतीनला पाच मिनिटं असताना मी सही केली. मास्तरांनी स्लिप घेतली, शाई वाळण्यासाठी फुंकर मारली. शाबासकी दिली नाही. "तारीख ऱ्हायली," एवढंच म्हणाले.

बुधवारी दुपारी प्लांट हेडच्या केबिनमध्ये आम्ही चौघं होतो : ते, एचआरच्या मॅडम, मास्तर आणि मी. पिवळी स्लिप मेजावर मध्यभागी, जणू तिचंच उद्घाटन व्हायचंय.

"हे काय आहे?" प्लांट हेड माझ्याकडे पाहून म्हणाले. "ही सही तुमची?"

"हो सर."

"अहो, हे ट्रेनर आहेत. कामगार नाहीत. यांना कसला ओव्हरटाइम?"

मॅडमनी घसा साफ केला. त्यांच्या हातात मास्तरांनीच पहिल्या महिन्यात वाटलेला कागद होता. "सर, कायद्यात कामगार कोण ते दिलंय. कारखान्यातलं यंत्र साफ करणाराही त्यात येतो. मोबदला घेवो किंवा न घेवो."

"म्हणजे उद्या मी फडकं हातात घेतलं, तर मीही कामगार?"

"फडकं नाय साहेब, झाडू," मास्तर नम्रपणे म्हणाले. "गेटवर फोटो हाय. तुमची बी अर्ध्या तासाची स्लिप करायची ऱ्हायली."

मॅडमना खोकला आला. तो बराच वेळ थांबेना.

प्लांट हेड लाल झाले. आवाज चढवून ते शिस्त, निष्ठा, कुटुंब वगैरे शब्द बोलले. ते संपेपर्यंत मास्तर शांतपणे उजव्या मनगटाकडे पाहत राहिले. शेवटी मॅडमच म्हणाल्या, "सर, दहा दिवसांनी गिऱ्हाइकाची माणसं तपासणीला येणार. गेटमधून आत येतानाच त्यांना ते पोस्टर दिसेल. आणि रजिस्टरही आहे. प्रत्येकाचं नाव, वेळ, सही. आपल्याकडं इतका पक्का पुरावा दुसऱ्या कशाचाच नाही."

माझ्या सुंदर अक्षराचं एवढं मोल पूर्वी कुणी केलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी पोस्टर उतरलं. पुढच्या पगारात बेचाळीस जणांना तीन महिन्यांच्या शनिवारांचे पैसे दुप्पट दरानं मिळाले. पगारपत्रकात त्याला 'फरक' म्हटलं होतं, कारण चूक या शब्दाला रकाना नसतो. सफाईसाठी लाइन शनिवारी तीनला थांबू लागली. उत्पादन पडेल असं सगळे म्हणत होते. पडलं नाही, किंवा पडलं असेल तर कुणाच्या लक्षात आलं नाही. मास्तरांनी त्यांच्या दोन तासांचे पैसे रांगेत उभं राहून घेतले, सही केली, तारीखही टाकली.

गुरुवारची मुलाखत झाली. तीन मिनिटं चालली. शिफ्ट इनचार्ज वेल्डिंगचा तो जाडजूड सुपरवायझर झाला. बायकोनं तिच्या आईला कसं सांगितलं ते मी विचारलं नाही.

मास्तरांचा करार अर्थातच वाढवला नाही. पण तपासणी सुरळीत पार पडली होती, 'होय'च्या चौकटीत खूण झाली होती, आणि प्लांट हेडना ती कशामुळं झाली याची कुठंतरी जाणीव असावी. त्यांनी निरोप समारंभ ठरवला. शनिवारी, सुट्टी झाल्यावर, साडेतीनला. सर्वांची उपस्थिती प्रार्थनीय, असं पत्रक लागलं. प्रार्थनीय म्हणजे काय, हे कामगारांना ठाऊक होतं.

कँटीनसमोरच्या मोकळ्या जागेत सगळे उभे राहिले. समई आली. ती कंपनीच्या घसाऱ्यातून जवळजवळ संपत आली होती. मास्तरांना खुर्चीत बसवलं, शाल पांघरली, नारळ दिला. पुष्पगुच्छ नव्हता, त्या दिवशी ड्रायव्हर जेवला होता. गेटबाहेर कंपनीची बस सुरू होऊन घरघरत होती. छायाताई मागच्या रांगेत पिशवी खांद्याला लावून उभ्या होत्या आणि एकदा बसकडे, एकदा व्यासपीठाकडे पाहत होत्या.

प्लांट हेड माईकपाशी आले. हातात चार पानं. "मित्रहो, कामगार हा आमच्या कुटुंबाचा..."

मास्तरांनी पिशवीत हात घातला आणि पिवळ्या स्लिपांचा एक गठ्ठा बाहेर काढला. रबरबँड लावलेला. खुर्चीतून उठले नाहीत. शेजारी मी उभा होतो, माझ्या हातात दिला. मी वरची स्लिप पाहिली. नाव : छायाताईंचं. काम : निरोप समारंभासाठी उभे राहणे. पासून : साडेतीन. 'पर्यंत'चा रकाना रिकामा. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. बेचाळीसच्या बेचाळीस भरून ठेवल्या होत्या. रात्रभर बसून लिहिल्या असणार म्हणावं, तर मास्तर सुट्टीनंतर काम करत नसत. खाली रेघ होती आणि रेघेखाली 'सुपरवायझरची सही'.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते समोर, समईकडे पाहत होते.

मला आता गमवायला जागा उरली नव्हती, म्हणून मी धीट झालो असं कुणी म्हणेल. असेलही. मी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि गठ्ठा डाव्या हातावर उलटासुलटा करून नीट धरला.

प्लांट हेडचं लक्ष वाक्याच्या मध्येच माझ्या हाताकडे गेलं. ते थांबले. पिवळा रंग त्यांना लांबूनही ओळखता यायचा. मग त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी दोन्ही मनगटं गुडघ्यांवर शेजारी शेजारी ठेवली होती.

तीन छत्तीस झाले होते.

"...घटक आहे," प्लांट हेड म्हणाले. चारही पानांची घडी घातली. "मास्तरांना शुभेच्छा. जयहिंद."

आमच्या कंपनीच्या इतिहासातलं ते सगळ्यात लहान भाषण. टाळ्या खऱ्या पडल्या. लोक बसकडे धावले, छायाताई सगळ्यांच्या पुढं. त्यांच्या मागं मास्तर धावत होते, कारण ते त्याच बसनं उस्मानपुऱ्याला जायचे. अंगावर शाल, एका काखेत नारळ, आणि सफारीच्या बाह्यांतून दोन्ही घड्याळं ऊन पडून चमकत होती. ड्रायव्हरनं त्यांना पाहून बस दहा सेकंद थांबवून धरली. दारात एक पाय ठेवून मास्तर त्याला काहीतरी म्हणाले. ते त्या दहा सेकंदांबद्दलच असणार, असा माझा अंदाज आहे.

सोमवारी मी तीन नंबरवर गेलो. छायाताई काम न थांबवता म्हणाल्या, "नळ सापडला." आणि पुन्हा कामाला लागल्या.

तो गठ्ठा मी परत दिला नाही. पुढं मी दुसऱ्या कारखान्यात गेलो, आता तिथल्या सुपरवायझरांना हेच शिकवतो आणि समारंभांनाही हजर राहतो. खुर्चीत बसलो की गठ्ठा समोर ठेवतो, पेन शेजारी. स्लिपांचा पिवळा रंग बराच उडालाय. पण अजून कुठल्याही साहेबानं 'पर्यंत'चा रकाना भरायची वेळ माझ्यावर आणलेली नाही.